रिकाम्या हाताचा नेम

दुपारी हॉस्टेलच्या खोलीत सुजाताच्या मोबाईलवर लिथुआनियातला बास्केटबॉलचा सामना चालू होता. सुजाता आमच्या कॉलेजच्या संघात आहे. मीही होते. एक खेळाडू फ्री थ्रोसाठी उभा राहिला, तेवढ्यात कॅमेरा रेषेबाहेरच्या कोचवर गेला. कोटातला, पन्नाशीचा माणूस. खेळाडूने गुडघे वाकवले तसे त्यानेही वाकवले, आणि रिकामा हात उचलून मनगट पुढे सोडलं.

“अगं बघ, आजोबा हवेत बॉल टाकतायत!” सुजाता हसली.

हा कोच याच संघाकडून कित्येक वर्षं खेळला, असं समालोचक सांगत होता. खेळणं थांबल्याचं त्या मनगटाला बहुतेक कुणी कळवलंच नसावं. किंवा कळवूनही त्याने ऐकलं नसेल.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला खेळायला कायमची मनाई केली. संघाच्या सरांनी विचारलं, “पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवशील का?” आठवडा झाला होता, मी उत्तर दिलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे मला ओळखतात ते खेळामुळे. शिकवायला लागले की ते संपलं, असं मी धरून चालले होते.

चेंडू जाळीत पडला. तिथले प्रेक्षक ओरडले. कोचने मात्र हात क्षणभर तसाच वर ठेवला, नेम त्याचाच असल्यासारखा, आणि मग हळूच खिशात घातला.

“किती वाजले गं?” मी विचारलं.

“पावणेपाच. का?”

“पहिल्या वर्षाच्या मुली मैदानावर आल्या असतील.”