कडकबाई ऐकतात

चारमजली इमारतीच्या जिन्याखाली एक टेबल, टेबलावर जाड घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, आणि चादरीवर कोळशाची इस्त्री दाबत दिवसभर उभ्या कडकबाई. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. त्यांच्या हातची कॉलर कडक आणि जीभ त्याहून कडक. “बाई, संध्याकाळी कपडे मिळतील ना?” असं कुणी विचारायचा अवकाश, की “नाही हो, आठवण म्हणून जपून ठेवणार आहे मी!” हे ठरलेलं. तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. काम चोख असलं की माणूस चार शब्द जास्तीचे ऐकून घेतो.

नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. पदरात एक मुलगी. ती जन्माला आल्यावर जी बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून तिचं नाव पडलं टकळी. शाळेतून आली की कोळशाच्या पोत्यावर बैठक मारायची आणि सुरू. “अगं, जिभेला जरा घडी घालून ठेव,” असं कडकबाई म्हणायच्या. पण ती गप्प बसली तर त्यांनाच करमायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

टकळीच्या शाळेत एका संस्थेनं वाचनखोली काढली होती. मुलांच्या हाती पुस्तक यावं, मुलींनी शाळा अर्ध्यावर सोडू नये, यासाठी गावोगाव झटणारी ही संस्था. तिच्या वाचनखोलीचा एक नियम होता. पुस्तक घरी न्यायचं, तर ते घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्या माणसानं एक प्रश्न विचारायचाच. दुसऱ्या दिवशी वाचनखोलीच्या ताईंना तो प्रश्न सांगितला की पुढचं पुस्तक हातात.

“हे बरं आहे!” कडकबाई फणकारल्या. “शिकायचं तुम्ही आणि परीक्षा माझी! वाच, पण माझा हात थांबणार नाही.”

गोष्ट होती वेश पालटून रानात हिंडणाऱ्या एका राजाची. कडकबाईंनी निमूट ऐकली आणि शेवटी विचारलं, “काय गं, महिनाभर रानात हिंडला म्हणतेस, तर त्याचे कपडे कोण धूत होतं?”

दुसऱ्या दिवशी ताई हसून हसून बेजार झाल्या. त्यांनी तो प्रश्न सगळ्या वर्गापुढे टाकला. निम्मा वर्ग म्हणाला प्रधान धूत असेल, निम्मा म्हणाला राजा पारोसाच असणार, आणि तास संपला तरी भांडण मिटेना. तेव्हापासून कडकबाईंच्या प्रश्नांची पोरं वाटच पाहू लागली. हत्तीनं टोपी घातली, ठीक आहे, पण मापं कुणी घेतली? परी पांढरा झगा घालून चिखलात उतरलीच कशाला, अक्कल नाही? एखाद्या दिवशी प्रश्न आला नाही तर पोरं टकळीलाच धारेवर धरायची.

आणि कडकबाई? त्यांना ऐकायची चटकच लागली. एकदा गोष्टीत चोर दाराशी आला आणि इकडे बाईंनी वकीलसाहेबांच्या पँटच्या एकाच पायावर दोन घड्या पाडल्या, शेजारी शेजारी, धारदार. वकीलसाहेब ती घालून कोर्टात गेले. परत आले ते तणतणतच. “अहो बाई, सगळं कोर्ट माझ्या पायांकडे बघत होतं!”

“साहेब, चोर दारात होता, त्याला काय करू?” कडकबाई म्हणाल्या. मग चोराचं काय झालं हे सांगावं लागलं. वकीलसाहेब उभ्या उभ्या सगळं ऐकून, रागवायचं विसरून घरी गेले.

टकळी सातवी पास झाली आणि हसणंखेळणं एकदम थांबलं. ही शाळा सातवीपर्यंतच. पुढची मोठी शाळा बस डेपोच्या पलीकडे. त्यातच कडकबाईंचे थोरले भाऊ आले. एका हॉटेलच्या धुलाईखात्यावर ते मुकादम होते. “अगं, तुझी पाठ गेली कामातून,” ते म्हणाले. “किती दिवस ही लोखंडी धोंड उचलणार आहेस? पोरगी हाताशी आलीये. माझ्याकडे चादरींना लाव तिला, माझी नजर राहील. तिचे चार पैसे आले की तुला जरा आराम.”

वाईट माणूस नव्हता तो. खरंच बहिणीच्या काळजीनं बोलत होता. आणि पाठ तर खरोखरच ठणकत होती. कडकबाई हो म्हणाल्या. टकळीनं एकदा आईकडे पाहिलं आणि मान हलवली. ना रडणं, ना रुसणं. कडकबाईंना वाटलं, चला, पोरगी समजूतदार निघाली.

त्या वेळी घरात एक जाडजूड पुस्तक चालू होतं. नावाड्याची मुलगी, बाप आजारी म्हणून स्वतःच नाव घेऊन निघालेली. नावेत एक खवट म्हातारी आणि तिची शेळी. नदीच्या ऐन मध्यावर वल्हं मोडलं, आणि तिथंच टकळीनं पान मुडपलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडकबाईंनी इस्त्रीत कोळसे भरले, पहिला शर्ट पसरला आणि म्हणाल्या, “हं, वाच. बुडाली का काय?”

“पुस्तक परत दिलं,” टकळी म्हणाली.

“अगं पण नाव मध्येच आहे!”

“ते शाळेतल्या मुलींचं असतं, आई. मी आता कुठं शाळेत आहे?”

एवढं बोलून ती बाह्या सरळ करून द्यायला लागली. संध्याकाळभर तिनं शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्याखाली नुसतं पाणी शिंपडल्याचं आणि इस्त्री टेकवल्याचं ऐकू यायचं. वकीलसाहेबांनी मोठ्या हौसेनं विचारलं, “मग बाई, नाव लागली का काठाला?” तर कडकबाई त्यांच्यावर खेकसल्या. चार घरची गिऱ्हाइकं चार शेवट सुचवून गेली. एकही बाईंच्या मनाला येईना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीतले कोळसे विझवले आणि तडक शाळा गाठली. वाचनखोलीत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. बुटक्या फळ्यांवर पुस्तकं, खाली चटया, आणि चटयांवर पालथी पडून वाचणारी पोरं. “एवढी लोळतायत आणि कुणी ओरडत नाही?” त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

ताईंनी बोलण्यावरूनच ओळखलं. “मावशी, तुम्हीच ना प्रश्नवाल्या? या, बसा.”

“बसायला वेळ नाही. त्या नावेचं काय झालं तेवढं सांगा.”

“सांगते कशाला, वाचूनच दाखवते की,” म्हणून ताईंनी पुस्तक काढलं, मुडपलेलं पान उघडलं आणि वाचायला लागल्या. सुरेख वाचत होत्या. शब्दन् शब्द स्वच्छ. कडकबाईंनी थोडं ऐकलं आणि एकाएकी हात वर केला.

“राहू द्या, ताई. असं नको.”

“का हो? चुकलं काही?”

“तुमचं काही चुकलं नाही.” त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एवढे दिवस त्यांना वाटत होतं की आपण राजे ऐकतोय, चोर ऐकतोय. त्या ऐकत होत्या आपल्या पोरीला. अडखळत वाचणारी, मग झरझर वाचणारी, मग म्हातारीसाठी नाकातून आवाज काढणारी. आणि ते सगळं त्यांनी एका होकारात बंद करून टाकलं होतं. “पोरीला मोठ्या शाळेत घालायचं, तर काय करावं लागतं?” त्यांनी विचारलं.

ताईंनी सांगितलं. फी, गणवेश, बसचा पास, सगळं दहावीपर्यंत संस्था बघणार. अट एकच. घरच्यांनी मुलीला मध्येच काढायचं नाही.

“अहो, अर्धवट काम या हातानं कधी दिलंय का कुणाला?” कडकबाई ठसक्यात म्हणाल्या. वकीलसाहेब तिथं नव्हते, हे बरंच झालं.

घरी येऊन बघतात तर भाऊ हजर. सकाळी पोरीला घेऊन जाणार होते. कडकबाई पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. “दादा, ती येणार नाही. शाळेत जाणार आहे.”

“आणि तुझी पाठ?”

“पाठीला पट्टा बांधीन, मलम चोळीन, स्टुलावर बसून इस्त्री करीन. वाकडंतिकडं झालं तर गिऱ्हाईक बोलेल, मी दोन जास्त बोलेन. पण पोरीला चादरींत गुंडाळून द्यायची नाही मी.”

दादांनी बहिणीला लहानपणापासून ओळखलेलं. हा आवाज लागला की पुढे बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांना ठाऊक होतं. “बरं बाई, निदान मलम तरी चांगलं आणतो,” असं पुटपुटत ते उठले.

कोळशाच्या पोत्यावर टकळी बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि अशी हमसून हमसून रडायला लागली की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात डोकावली. कडकबाई घाबरल्या. “अगं, झालं काय? शाळेत जायचंय ना तुला?”

“हो!”

“मग एवढे दिवस तोंडातून अक्षर का काढलं नाहीस, मेले? जगाच्या गप्पा हाकतेस आणि हे नाही सांगता आलं?”

“तू रात्री झोपेत कण्हतेस,” टकळी म्हणाली. “मला ऐकू येतं.”

जिच्या जिभेपुढे वकील हरले, ती बाई पोरीपुढे हरली. त्यांनी पोरीला ओढून पोटाशी घेतलं आणि दोघी जिन्याखाली यथेच्छ रडल्या. पाणी शिंपडून ठेवलेले शर्ट वाळून गेले, पुन्हा पाणी मारावं लागलं. पण त्या दिवशी गिऱ्हाइकांपैकी कुणी कपडे उशिरा मिळाले म्हणून चकार शब्द काढला नाही. आणि दुसऱ्या दिवशी टकळीनं ते पुस्तक पुन्हा घरी आणलं आणि म्हातारीचा नाकातला आवाज काढत नाव काठाला लावली.