सापियातच्या बरणीतली चोरी

आमच्या आळीत बहुतेक घरांत चोरीचा माल आहे, आणि तो माझ्या बायकोच्या बरणीतला आहे. सापियातला याचा भारी अभिमान. गिपीचे दाणे मागायचे नसतात आणि द्यायचेही नसतात. दिले की त्यांच्यातला जीव जातो, असं आम्ही डोंगरातले कराचाय लोक मानतो. ते चोरूनच न्यावे लागतात. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे पांढरे, लिबलिबीत दाणे. दुधात टाकले की दुसऱ्या दिवशी दूध दाट, आंबट आणि जिभेला जरा चावणारं होतं. खाली शहरात त्याला केफिर म्हणतात आणि दुकानातून आणून पितात. दुकानात चोरी केली तर पोलीस धरतात, एवढाच फरक.

आळीत नवी सून आली की ती एखाद्या सकाळी साखर मागायला आमच्याकडे यायची. सापियात तिला बसवायची, बरणीचं झाकण जरा तिरकं करायची आणि ‘गाय का हंबरतेय बघून येते’ म्हणून गोठ्यात जायची. गाय हंबरत नसायचीच. परत येताना अंगणातून मोठ्यांदा खोकायची, म्हणजे सुनेला आवरायला वेळ मिळे. सून मान खाली घालून, शालीखाली वाटी लपवून निघून जायची. बऱ्याचदा साखर तिथेच विसरायची.

हे दाणे सापियातच्या आईने वाळवून, फडक्यात शिवून, सरकारने आम्हा कराचायांना हाकललं त्या हद्दपारीच्या आगगाडीतून कझाखस्तानच्या माळावर नेले होते आणि सगळे परतले तेव्हा परत आणले. सापियातचा जन्म त्या माळावरचा. लग्नाच्या वेळी तिने ते आईच्या घरून चोरले, तेही आईने पाठ फिरवल्यावर. तिच्या उभ्या आयुष्यातली तेवढी एकच चोरी. आजपर्यंत तिने माझं नाव घेतलेलं नाही. ‘अहो’ म्हणते, नाहीतर ‘आमच्या घरातले’. मीसुद्धा तिच्या चुलीपाशी कधी पाऊल टाकलं नाही. आमच्याकडे पुरुष स्वयंपाकघरात घुटमळला तर लोक हसतात, आणि मी बस चालवणारा माणूस, रोज बसभर लोक मला बघायचे. तर सत्तरी ओलांडेपर्यंत मी रोज पेलाभर गिपी प्यायलो, पण बरणीत डोकावलो नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी मला न्यूमोनिया झाला. शहरातून मुलगा रशीद आला, त्याने मला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं. सापियात गिपी गाळायला घेत होती, ती हातातलं गाळणं टाकून माझ्यामागे धावली. घराचं दार उघडं राहिलं आणि बरणीचं झाकण तिरकं. पुढचा सगळा घोळ त्या झाकणाचा आहे.

इस्पितळात त्यांनी मला तगडी अँटिबायोटिक्स दिली. छाती मोकळी झाली आणि पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे किती, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. डॉक्टर लैला वयाने माझ्या नातीएवढी. तिने सांगितलं की पोटात असंख्य जिवाणू राहतात, त्यातले पुष्कळ आपल्या कामाचे असतात, आणि औषधाने वाइटांबरोबर तेही मेले. मी विचारलं, मग मारलेत कशाला? ती म्हणाली, छातीसाठी मारावेच लागले. मग तिने पुड्या लिहून दिल्या. त्यात जिवंत जिवाणू होते, त्यांना म्हणे प्रोबायोटिक म्हणतात. आणि नुसते पोटात सोडून भागत नाही, त्यांना जेवायलाही लागतं. कांदा, लसूण, ओट्स, जवाची पेज, हे त्यांचं जेवण. त्याला प्रीबायोटिक म्हणतात.

“म्हणजे आधी मारायचे, मग विकत आणायचे, मग जेवू घालायचे?” मी विचारलं.

“साधारण तसंच, काका.”

“आणि मी कधी जेवायचं?”

ती हसली. सापियातने तिला गिपीचं विचारलं. चालेल, लैला म्हणाली, दूध उकळून गार केलेलं घ्या, सुरुवातीला थोडीच प्या. पण त्यानेच बरं वाटेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, प्रत्येकाचं पोट निराळं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. डॉक्टरच असं म्हणायला लागल्यावर माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? सापियातने मात्र त्यातलं ‘चालेल’ एवढंच ऐकलं. गिपी मिळाली की आमचे हे बरे, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं.

घरी आल्यावर शालही न काढता तिने बरणी उघडली. आत तळाला थोडं नासलेलं दूध होतं. दाणा एकही नव्हता.

झालं होतं असं, आणि हे मला फार पुढे कळलं: आळीतल्या बायकांना उघडं दार आणि तिरकं झाकण दिसलं, आणि त्यांना वाटलं, जाता जाता सापियात अम्माने मोकळीक दिली. कुणाचे दाणे थंडीत गेले होते, कुणाला सापियातच्याच बरणीतले हवे होते. प्रत्येकीने चमचाभरच नेले. आपण एकटीच नेतोय असं प्रत्येकीला वाटलं. आणि चोरी असल्यामुळे कुणी कुणाला सांगितलं नाही.

मी म्हटलं, त्यात काय, शेजारच्या हालिमातकडून माग. सापियातने माझ्याकडे असं बघितलं की मला तापच बरा वाटला.

“मागितलेले दाणे म्हणजे मेलेले दाणे,” ती म्हणाली. “तुमच्या पोटात मी मेलेलं घालू?”

मग ती चोरी करायला निघाली. आधी हालिमातकडे गेली. पण आमच्याकडे म्हाताऱ्या पाहुण्याला खोलीत एकटं सोडणं म्हणजे त्याचा अपमान. हालिमातची सून हात बांधून तिच्यासमोर उभी राहिली ती हललीच नाही. सापियात म्हणाली, तुमची गाय हंबरतेय वाटतं. सुनेने धाकट्या नणंदेला गोठ्यात पिटाळलं आणि स्वतः तिथेच उभी राहिली. सापियातने पाणी मागितलं, तर तेही दुसऱ्याच कुणीतरी आणून दिलं. शेवटी खारट लोण्याचा चहा झाला, बटाटा भरून भाजलेले पोळीसारखे खिचिन झाले आणि निघताना घरी न्यायला गाठोडंही मिळालं. दुसऱ्या दिवशी माझा दोस्त खिझिर, त्याच्या घरी तीच गत, उलट तिथे अम्मा आल्या म्हणून सगळं घर गोळा झालं. जिथे चोरी करायला जावं तिथून ती आहेर घेऊन येत होती. खिचिनने आमची परात भरली, पण ते मला पचत नव्हते.

माझं चालूच होतं. सकाळी पुडी, मग पेज, मग कांदा, मग अंगणाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे बर्फातून धाव. पेजेने पोटात गुडगुडायचं. लैलाला फोन केला तर ती म्हणाली, गुडगुडणं वाईट नाही, पेज हळूहळू वाढवा. वाईट नाही म्हणजे चांगलं का? तर तसंही नाही. पुडी लागू पडतेय की पेज, की दोन्ही मिळून माझी थट्टा चालवली आहे, मला काही समजेना. विजार मात्र कमरेवर राहीनाशी झाली होती, आणि ते सापियातला दिसत होतं.

तिसऱ्या घरून रिकाम्या हाताने, म्हणजे भरल्या गाठोड्याने, परत आल्यावर ती चुलीसमोर बसली आणि रडायला लागली.

“माझ्याकडे कुणी पाठच फिरवत नाही हो,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. ही बाई जन्मभर दुसऱ्यांसाठी पाठ फिरवत आली, आणि तिच्यासाठी पाठ फिरवायची कुणाला सुचत नव्हती, कारण सगळे तिला मान देत होते. मी ठरवलं, आपणच चोरी करायची. एकटं तर मलाही कुणी सोडणार नव्हतं. पण माझ्यापाशी बिघडलेलं पोट होतं. संडासाला निघालेल्या माणसाच्या मागे कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिझिरकडे गेलो, थोडा वेळ बसलो आणि पोट धरून उठलो. खिझिरने लगेच मला वाट करून दिली. त्यांच्या मागच्या पडवीत फडक्याने झाकलेलं एक पातेलं होतं. फडकं उचललं तर आत पांढऱ्या पाण्यात पांढरे गोळे. हेच ते, म्हणून मी मूठभर उचलले, रुमालात बांधले आणि कोटाच्या खिशात कोंबले. बैठकीत येईपर्यंत रुमालातून पाणी झिरपून विजारीवर ओघळलं होतं. खिझिरने माझ्या विजारीकडे पाहिलं आणि भल्या माणसाने नजर वळवली. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, आणि ते खोडून काढण्याची सोय नव्हती.

घरी मी रुमाल सापियातपुढे ठेवला. तिने गाठ सोडली आणि बराच वेळ त्यात बघत राहिली.

“कुणी पाहिलं का तुम्हाला?”

“कुणी नाही.”

“पडवीला खिडकी आहे त्यांच्या,” ती म्हणाली. मग जरा विचारात पडली, आणि तिचा चेहरा निवळला. “बरं केलंत. पडा आता जरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार सताड उघडं टाकून गोठ्यात गेली आणि तिथेच रमली. मधूनमधून इतकी खोकत होती की हिलाही न्यूमोनिया झाला, असं मला वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे गिपीचा पेला ठेवला. तीच चव, तसंच जिभेला चावणं. मी छाती फुगवून प्यायलो. खरा चोर असावा तर असा.

बर्फ वितळेपर्यंत माझं पोट ताळ्यावर आलं. सगळं नाही, पण विजार कमरेवर राहू लागली. गिपीने, पुडीने, पेजेने की नुसत्या दिवसांनी, ते लैलालाही सांगता आलं नाही. सगळंच थोडं थोडं असेल, ती म्हणाली. मला ‘असेल’ नको होतं.

अशात एकदा खिझिरची सून नाझिफा फाटकापाशी भेटली आणि शाल तोंडाला लावून हसायला लागली.

“काका, त्या दिवशी तुम्ही आमचं पनीर नेलंत.”

“पनीर?”

“मी खिडकीतून बघत होते. आधी हसले, मग कळलं, तुमची बरणी रिकामी असणार. हालिमात आजींना सांगितलं. सकाळी वाटीत दाणे घेऊन आले, तर दार उघडं, झाकण तिरकं, आणि बरणी आधीच अर्धी भरलेली. माझ्याआधी साऱ्या येऊन गेल्या होत्या.”

“म्हणजे तुम्ही दाणे दिलेत? दिले तर मरतात ना?”

“दिले नाहीत, काका. चोरून ठेवले.”

मशिदीपुढच्या बाकावर यावर आठवडाभर वाद झाला. चोरून ठेवणं म्हणजे देणं की चोरी? खिझिर म्हणायचा देणं, मी म्हणायचो चोरी, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बाजू बदलायचो. निकाल लागला नाही. दाणे मात्र जिवंत आहेत.

नाझिफा भेटली त्या दुपारी घरी आलो तेव्हा सापियात पीठ मळत होती. मी उंबऱ्यापाशी थांबून विचारलं, ते पनीर होतं हे तुला तेव्हाच कळलं होतं?

“मला नाही तर कुणाला कळणार?”

“मग त्याचं केलंस काय?”

“खाल्लं.”

“अगं, त्या खिशात माझी तंबाखू असते.”

“लागली ना तंबाखू. तरी खाल्लं.” तिने पिठावरून नजर उचलली नाही. “जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी कुणाच्या तरी पातेल्यात हात घातलात, अहो. ते काय मी गाईला घालू?”

तिने हात पुसले, बरणीचं झाकण जरा तिरकं केलं, आणि गाय का हंबरतेय बघून येते म्हणून माझ्या बाजूने बाहेर गेली. गाय हंबरत नव्हती. मी उंबरा ओलांडून आत गेलो, झाकण उचललं आणि ते दाणे पहिल्यांदा नीट पाहिले. थोड्या वेळाने ती अंगणातून मोठ्यांदा खोकली.