एकोणतीस आणि एकतीस

एक लाख चार हजार सातशे एकोणतीस ही दहा हजारावी मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही, आणि अशा संख्या दोनपासून मोजत गेलं की ती दहा हजाराव्या क्रमांकावर येते. मोबाइलवर क्षणात सापडते. भातकुलीच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी ती हाताने मोजून काढली, सहा वर्षांत, चौदा वह्यांमध्ये. अकोल्याच्या आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर याला ‘शोध’ म्हणतात.

बातमी मी फोनवर घेतली. गुरुजी म्हणाले एकोणतीस, मी लिहिलं एकतीस. तिसाला एक कमी असताना तिसाचंच नाव घ्यायची आपली पद्धत, त्यात फोनची खरखर. मधलं ‘ओण’ वाटेत सांडलं. मथळा मात्र बिनचूक होता: ‘गुरुजींनी शोधली अविभाज्य संख्या’.

सकाळी सातला फोन आला.

“साहेब, तुमी माह्या संख्येले अकरानं भाग लावून देला.”

तपासलं. १०४७३१. एकाआड एक अंकांची बेरीज: एक, चार, तीन मिळून आठ; शून्य, सात, एक मिळूनही आठ. फरक शून्य. अकराने भाग जातो, बाकीसुद्धा न ठेवता.

“हाच नियम तीस वर्षं शिकवला म्या. आज दुपारी शाळेत सत्कार हाय. माह्येच पोट्टे काय म्हणतीन?”

वृत्तसंपादकांनी विचारलं, कितीने चुकलं? दोनने. “दोन? सभेच्या गर्दीत आपण दहा हजारांनी चुकतो, कोणी फोन करत नाही.” दुरुस्ती उद्या, राशिभविष्याखाली, असं ठरलं. सत्काराच्या वार्तांकनाला मलाच पाठवलं. शिक्षा आणि बातमी एकाच एसटीत.

पटांगणात फ्लेक्स लागला होता. संख्या आमच्याच अंकातून उतरवलेली, दोन फूट उंच. गुरुजींचे जुने विद्यार्थी तिच्यासमोर फोटो काढून घेत होते. अकराची शंका एकालाही आली नव्हती. अध्यक्ष शाल घेऊन उभे राहिले. गुरुजी उठले नाहीत.

“आंधी तो एकतीस काढा.”

“गुरुजी, दोनाचा तर फरक हाय. घ्या ना सांभाळून.”

“तुमी माह्याच वर्गात होते ना? मंग सांगा, अकराची कसोटी काय?”

अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी फ्लेक्सकडे. शेवटी कागदावर २९ लिहून तो एकतीसवर डिंकाने चिकटवण्यात आला. गुरुजी तरीही बसूनच. त्यांनी मला बोलावलं आणि फळ्याकडे बोट केलं.

“पत्रकार, लावा अकरानं भाग. समद्यायले दिसू द्या.”

संख्या मूळ आहे हे ठरवायला असे सहासष्ट भागाकार लागतात. सभेला एकच पुरला.

“बाकी किती?”

“नऊ.”

“जोरानं सांगा.”

“नऊ!”

“मंग भाग गेला का?”

“नाही गेला.”

“आता छापा,” गुरुजी म्हणाले, उठले आणि शालीसाठी खांदा पुढे केला.