पेटीतल्या बिननावाच्या चिठ्ठ्या

बहात्तरच्या दुष्काळात माझा तीन वर्षांचा मुलगा जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेला. काष्टीच्या पलीकडच्या एका गावात आम्ही दोघं नवरा-बायको शाळेत शिकवत होतो. प्यायला टँकरचं गढूळ पाणी.

"पाणी उकळून देत होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी चटकन म्हणाले.

त्या आठवड्यात रॉकेल मिळालं नव्हतं. जळण शोधत हिंडायचा मला कंटाळा आला होता. तीन दिवस मी पाणी नुसतं फडक्यातून गाळून त्याला पाजलं. नवरा तेव्हा दुष्काळी कामावर हजेरी घ्यायच्या ड्यूटीवर होता. तो आल्यावर त्यालाही मी तेच खोटं सांगितलं.

पुढे माझं जेवण सुटलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी उभीच राहायची. शेवटी नवऱ्यानं मला रजा घ्यायला लावली आणि नगरला थोरल्या बहिणीकडे आणून सोडलं. "बरी होऊन ये," एवढंच म्हणाला.

बहीण मला रविवारी उपासनेला न्यायची. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. कुणासाठी, कशासाठी प्रार्थना हवी ते चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचं. नाव घालायची गरज नव्हती. पाळकसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर हिरवी झापड बांधलेले पाळकसाहेब एकदा बहिणीला म्हणाले, "यांना शनिवारी दुपारी पाठवा. चिठ्ठ्या वाचून दाखवायला कुणीतरी हवंय."

"मीच येते की."

"तुम्ही नको. तुम्हाला इथल्यांची अक्षरं ओळखू येतील."

मला वाटलं होतं, आजारपणं असतील, पाऊस मागितला असेल. तसं होतंही. पण मधूनच एखादी चिठ्ठी निघायची, 'खडीच्या कामावर मिळालेली सुकडी मी एकटीनं खाल्ली. सासूला म्हनले, संपली. ती उपाशी झोपली.' दुसरी, 'शेजारनीच्या घागरीतलं पानी मी रोज काढून घेते. तिला तान्हं लेकरू हाय.' मी वाचायची, पाळकसाहेब मान खाली घालून प्रार्थना करायचे आणि म्हणायचे, "पुढची." कुणाबद्दल एक शब्द जास्त नाही.

पहिल्या शनिवारी मला किळस आली. दुसऱ्या शनिवारी मी अर्धा तास आधीच जाऊन बसले. चर्चमधून परतताना नळाच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे बघत होते. यांच्यातलीच कुणीतरी ती चिठ्ठी लिहिणारी होती. बोलत होती, पदर सावरत होती, आणि माझ्यासारखीच आत कुजत होती.

एक अक्षर मात्र मी ओळखायला लागले. जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. 'रागाच्या भरात बायकोला पाट फेकून मारला. डोक्याला लागला. आता तिला ऐकू येत न्हाई. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरून पडली. तीबी तसंच सांगती.'

त्या माणसाला शिक्षा व्हावी असं मला वाटलं. पुढच्या शनिवारी त्याची चिठ्ठी आली, 'सासुरवाडीला जाऊन खरं सांगितलं. मेव्हन्यानं मारलं. बरं वाटलं न्हाई, पन झोप लागली.'

मग दोन शनिवार काहीच नाही. तिसऱ्या शनिवारी पेटीतला पहिलाच कागद जांभळ्या अक्षरांचा निघाला. 'आता तिच्या म्होरं बसून बोलतो. ओठ बघून तिला थोडं कळाया लागलंय. आज ती म्हनली, सावकाश बोला.'

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. तिचे कान परत आले नव्हते, येणारही नव्हते. पण खरं सांगितल्यानंतरही त्या माणसाला पुढचे दिवस होते. त्या दिवसांत त्याला करण्यासारखं काहीतरी होतं. मुलगा गेल्यापासून असं काही माझ्या मनात आलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मीही एक चिठ्ठी टाकली आणि शनिवारी मलाच ती वाचावी लागली. 'मी मुलाला न उकळलेलं पाणी पाजलं. तो गेला. मी नवऱ्याशी खोटं बोलले.' वाचून झाल्यावर मी ती बाकीच्या चिठ्ठ्यांत न ठेवता मुठीत चुरगळली.

कागदाचा आवाज ऐकून पाळकसाहेबांनी या वेळी मान खाली घातली नाही. मग म्हणाले, "या बाईला प्रार्थनेपेक्षा एसटी लवकर मिळो."

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी गावी गेले. नवरा दारात बसून वह्या तपासत होता. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. त्यानं वही मिटली.

"त्या तीन दिवसांत तो पाणी मागत होता?"

"हो. उन्हाळा होता. सारखं मागत होता."

तो उठला आणि त्याच्या आईकडे निघून गेला. अकरा दिवस आला नाही. मी शाळेत रुजू झाले. मुलांना पाढे म्हणायला लावले की माझा आवाज त्यांच्या आवाजात मिसळून जायचा, तेवढा वेळ निभायचं. परत आल्यावर तो कामापुरतं बोलायला लागला. ताट वाढलं की जेवायचा. त्यानं मला माफ केलं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी त्यानं चपला घातल्या आणि दारातून विचारलं, "येतेस?" कुठे ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही पहिल्यांदाच दोघं मिळून दफनभूमीत गेलो. मुलाच्या जागेवर बाभळीचे काटे पडले होते. तो एका बाजूनं वेचू लागला. मी दुसऱ्या बाजूला बसले.