डाव्या स्पीकरच्या तारा

डिचोली ठाण्यातील एक तपास अजून माझ्या मनातून उतरलेला नाही. गोवा घटक राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. सर्वणच्या एका व्यापाऱ्याच्या मोटारीतून कॅसेट प्लेयर आणि मागचे दोन मोठे स्पीकर चोरीस गेले. कुलूप शाबूत होते. खबऱ्याने कळवले, की तसाच संच हळर्णच्या एका टॅक्सीत वाजतो आहे. टॅक्सी जप्त केली. व्यापाऱ्याने आपला माल ओळखला. टॅक्सीचालकाने जबाब दिला, "डिचोलीतल्या फिटरानं विकला. बसवलाही त्यानंच."

हा फिटर बेळगावकडचा. व्यापाऱ्याच्या मोटारीतही संच मुळात त्यानेच बसवला होता. परगावचा माणूस, त्यात गाडीची माहिती. मला एवढे पुरेसे वाटले. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "सर्वणच्या गाडीत मी बसवलोय साहेब, काढलो नाही." मी त्याच्या डाव्या कानशिलात लगावली.

दुसऱ्या दिवशी मुद्देमालाच्या पंचनाम्यासाठी ठाण्याच्या अंगणात टॅक्सीतली कॅसेट लावली. कोठडीतून फिटर ओरडला, "हे माझं काम न्हवं!"

हवालदार हसला. "आवाजार तुजें नांव बरयलां काय रे?"

"नाव लिवायला कशाला पायजे? ढोलकी मेलीय बघा की! एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात. एक पडदा बाहेर येतोय, तवा दुसरा आत जातोय. असलं काम गिऱ्हाइकाला देतो होय मी?"

त्याला बाहेर आणले. पंचांसमक्ष त्याने स्पीकरच्या तारा सुट्या केल्या आणि टॉर्चमधला एक सेल मागून त्यांना क्षणभर टेकवला. उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. डाव्याच्या तारा बदलून जोडताच ढोलकी भरून वाजू लागली. प्रत्येक जोडणीआधी तो अशी परीक्षा करी आणि धन तारेला गाठ मारून ठेवी. व्यापाऱ्याच्या मोटारीत उरलेल्या तारांना ती गाठ होती. टॅक्सीतल्या तारांना नव्हती.

हे समोर ठेवताच टॅक्सीचालकाने कबुली दिली. पूर्वी तो व्यापाऱ्याकडे बदली ड्रायव्हर होता. तेव्हाच त्याने दुसरी किल्ली करून घेतली होती. संच त्यानेच काढला, त्यानेच घाईत जोडला.

वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. गाणे ऐकताना फिटर उजवा कान पुढे करीत होता, हे मात्र मी कोणाला सांगितले नाही. मीच त्याला डॉक्टरांकडे नेले. डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

माणसाला त्याच्या कामाविषयी आधी विचारावे, हे मी तेव्हा शिकलो. पुढच्या नोकरीत संशयितावर हात उचलला नाही, उचलू दिला नाही. पण जे शिकलो, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

फिटरने धंदा सोडला नाही. काही वर्षांनी मी माझी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने मला ओळखले. सारे जोडून झाल्यावर आवाज लावला, मला मधोमध बसवले आणि मान खाली घालून विचारले, "साहेब, डावीकडचं साफ येतंय का? मला तेवढं सांगा."