डिप्रेशन

बेदाण्याचा डबा उघडला की गंधकाचा हलका वास येतो आणि पलूसची आमची शेड आठवते. तेव्हा पीएचडीचं काम अडलं होतं, मला एका जागी बसवत नव्हतं. सुकत्या द्राक्षांच्या रॅकमधून येरझाऱ्या घालत मी गाइडना फोनवर म्हणाले, "मॅडम, डिप्रेशन वाढत चाललंय, पुढं काय होईल सांगता येत नाही." तिथंच बेदाणे निवडत बसलेल्या आईचा हात थांबला. "कवापास्नं हाय गं हे?" मी हसले. म्हटलं, अगं, माझा अभ्यास हवामानाचा, अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राला तसं म्हणतात. "व्हय? समुद्राचं कळलं. आता तुझं सांग." मी बंद झालेला फोन पुन्हा कानाला लावून बाहेर गेले. अजून ती बेदाणे पाठवते, आणि फोनवर आधी समुद्राचीच चौकशी करते.