कढईपाशी बोलणार कोण

माझी धाकटी नणंद उबाल्दीना हिचा वेलेस गावात पेरूच्या वड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, पाकाच्या कढया, लाकडी साचे, आणि एका मोठ्या टेबलाशी बसून बिहाओच्या, म्हणजे केळीसारख्या रुंद पानांत वड्या गुंडाळणाऱ्या बायका. मी तिथं पानं पुसते. शाळेत मी फार दिवस टिकले नाही, तेव्हा धंद्याचा कारभार कसा सुधारतो हे मी लिहावं म्हणजे गंमतच. पण तो सुधारताना मी ओल्या फडक्यासह तिथंच बसलेली होते, म्हणून लिहिते.

उबाल्दीना लहानपणापासून दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेणारी. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, पाक ढवळायला उभा राहिला की ही त्याच्या हातातला दांडा ओढायची. सासरे गेले आणि कारखाना तिच्याकडे आला, तेव्हा साखरेच्या खोलीची किल्ली तिनं गळ्यात घातली, मारियामातेच्या पदकाशेजारी. ती चर्चमध्ये गेली की साखर कुलपात आणि कढया थंड. कामावरची माणसं हात बांधून उभी. बाई धर्माची फार, एवढंच म्हणायची.

त्या वर्षी पाऊस थांबेचना आणि बोगोताहून पेट्या परत येऊ लागल्या. वड्या पानातून पाझरलेल्या, कडेला बुरशी. आमचा बराचसा माल बोगोताचे अनातोलिओ नावाचे दुकानदार घ्यायचे. त्यांचा फोन आला तेव्हा उबाल्दीनानं तो कानापासून लांब धरला होता, त्यामुळे आम्हीही ऐकला.

"उबाल्दीनाबाई, तुमच्या वडिलांपासूनचा व्यवहार, म्हणून सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलंही नसतं. पुन्हा पेट्या परत कराव्या लागल्या, तर मी मोनिकिरा गावच्या कारखान्यातून माल उचलीन."

अनातोलिओ गेले असते तर अर्धं टेबल रिकामं झालं असतं. हे कुणी बोललं नाही, पण बायकांनी एकमेकींकडे बघणं बंद केलं.

उबाल्दीना आधी माझ्याकडे आली. "वहिनी, पानं ओली राहतात का गं?"

"माझ्याइतकीच वाळलेली आहेत. हात लावून बघ."

मग ती नगरपालिकेत भरलेल्या धंद्याच्या वर्गाला जाऊन आली. शिकवणारी मुलगी गोड होती आणि सांगत होती तेही खरं होतं. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून थोडा वेळ बोलायचं, काल काय बिघडलं ते विचारायचं, आणि सांगणाऱ्यावर रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी उबाल्दीनानं सगळ्यांना गोल उभं केलं.

"काल काय बिघडलं?"

"देवाच्या दयेनं काही नाही, बाई," क्लेओफे म्हणाली. क्लेओफे म्हणजे टेबलावरची सगळ्यात चपळ बाई.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

आठवडाभर देवाची दया चालू राहिली आणि पेट्यांवर बुरशीही. आमच्याकडे चूक सांगायची म्हणजे कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि ते नाव शेजाऱ्याचं नाहीतर नात्यातल्याचं निघतं. त्या शिकवणाऱ्या मुलीचं गाव मोठं असावं.

शेवटी कंटाळून उबाल्दीना म्हणाली, "बरं, माझं काय चुकतं ते तरी सांगा."

मग पाक शिजवणारे एव्हेलिओ खाकरले. ते सासऱ्यांच्या काळापासूनचे. "रागवणार नाही ना?"

"नाही."

"तुम्ही चर्चला जाता तेव्हा किल्लीही जाते. देवाला साखर लागत नाही."

त्यावर बायका जे सुरू झाल्या ते थांबेनात. साचे टेबलापासून फार लांब. बाई एकीला काम सांगतात आणि दुसरीला ओरडतात. दुपारच्या जेवणाचं सूपसुद्धा स्वतः चाखल्याशिवाय वाढू देत नाहीत. उबाल्दीनाचे कान लाल झाले, पण तिनं शब्द पाळला. किल्ली गळ्यातून निघून खिळ्यावर आली, साचे टेबलाजवळ आले आणि आम्हाला सूप गरम मिळू लागलं. काम पटपट व्हायला लागलं. पेट्या मात्र परत यायच्या त्या आल्याच.

मग टेबलावरच्या ओतिलियाची लेक बाळंत झाली आणि ओतिलिया कामाला आली नाही. तिच्या जागेवर उबाल्दीना बसली. मालकीण झाल्यापासून त्या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं शेजारच्या क्लेओफेनं गुंडाळलेली वडी उचलली आणि सोडून बघितली.

"क्लेओफे, हे दुसरं पान कशाला?"

"गारठा आहे ना, बाई."

"वडीला?"

क्लेओफेनं हातातलं पान खाली ठेवलं. "वडी मऊ येते. एका पानात उभी राहत नाही. आतून अजून एक घट्ट ओढून घेतलं की वरून छान दिसते."

"कधीपासून?"

"पाऊस लागल्यापासून."

"आणि सगळ्याजणी असंच गुंडाळताय?"

सगळ्याजणींनी मान खाली घातली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही एव्हेलिओंना बोलला असता," क्लेओफे म्हणाली. "माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला त्यांनी तिला हातावर धरलंय. ओतिलियाच्या मुलांनाही त्यांनीच. आम्ही त्यांना कोंपाद्रे म्हणतो. ज्यानं आमचं लेकरू देवासमोर धरलं, त्याला तोंडावर सांगायचं, तुमचा पाक कच्चा राहतो म्हणून?"

त्यात आळस नव्हता, लबाडीही नव्हती. एका म्हाताऱ्याची अब्रू झाकायला बायका पानावर पान ओढत होत्या आणि त्या पानांच्या आत कारखाना कुजत होता. मायेनं इतकं नुकसान होतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुपारी उबाल्दीना माझ्याजवळ येऊन बसली. "काढून टाकू का त्यांना?"

"टाक. त्यांच्या मागोमाग टेबलही उठून जाईल."

"मग बोलावून सांगू?"

"सांगशील. ते मान डोलावतील, बायका तिसरं पान लावतील."

"वहिनी, काही उपाय सांगशील की नुसती टोचत बसशील?"

"मी पानं पुसते. कारभार तुझा."

तिनं विचार केला आणि चांगला केला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की यापुढे प्रत्येकानं आठवड्यातून एकदा आपलं काम जिथं जातं तिथं जाऊन बसायचं. मी पेट्या भरणाऱ्याकडे, पेट्या भरणारा गाडीवर, पाक करणारे गुंडाळायला. आणि सुरुवात तिची. ती कढईपाशी उभी राहिली आणि एव्हेलिओंनी सकाळभर तिला झापलं. "दांडा तळाला लावा, बाई. ही आमटी नाही." आम्ही पोटभर हसून घेतलं.

नंतर एव्हेलिओ टेबलाशी बसले. पानं देणारी मीच, आणि उबाल्दीनानं बजावलं होतं, एका वडीला एकच पान. त्यांनी आदल्या दिवशीची वडी उचलली तशी बोटं आत गेली. ती ठेवून दुसऱ्या साच्यातली घेतली. तीही तशीच.

"ही कुणाच्या कढईतली?"

सगळ्या टेबलाला एकदम पानांच्या शिरा मोजाव्याशा वाटल्या.

"माझीच आहे, ते मला कळतंय," ते म्हणाले. "तुम्ही सांगता का ते बघतोय."

क्लेओफे पुटपुटली, "तुमचीच, कोंपाद्रे."

त्यांनी बोटं पुसली, अगदी सावकाश. "मला रंग दिसत नाही हल्ली. वाफेत सगळं एकसारखंच. वाटलं, एवढ्या वर्षांनी हातालाच कळेल. पण यंदाच्या पेरूत पाणी जास्त, हातही फसला."

"मग बोलला का नाहीत?" उबाल्दीनानं विचारलं.

"तुम्ही विचारायचात, झालं का, झालं का. दिसतं का, असं कधी विचारलंत?"

उबाल्दीनानं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. दोघांनी मिळून तिथंच ठरवलं. कढईचा मान एव्हेलिओंचाच. पण कढई उतरायच्या आधी टेबलावरची एक बाई येईल, पाकाचा थेंब गार बशीत टाकेल आणि बोटानं दाबून बघेल. ती नाही म्हणाली तर नाही. तिच्यावर कुणाचा शब्द चालणार नाही.

"माझासुद्धा नाही," उबाल्दीना म्हणाली. म्हणायला सोपं असतं.

अनातोलिओंचा माल भरायचा होता त्या दिवशी गाडी लवकर आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटची कढई खदखदत होती आणि क्लेओफे बशी घेऊन उभी होती.

"झालंय, उतरवा," उबाल्दीना दारातूनच म्हणाली.

क्लेओफेनं थेंब दाबला. एव्हेलिओंकडे पाहिलं, मग मालकिणीकडे.

"नाही, कोंपाद्रे. अजून नाही."

"क्लेओफे, गाडी उभी आहे."

"असू दे, बाई. कच्चा आहे."

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. उबाल्दीना दोन पावलं कढईकडे आली. तिला तो दांडा हिसकावून घ्यायचा होता, मी ओळखते ना तिला. पण एव्हेलिओंनी तो आधीच पुन्हा पाकात घातला होता आणि ते निमूटपणे ढवळत होते. ती वळली, बाहेर गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आहेत तेवढ्याच पेट्या घेऊन जा."

मग अनातोलिओंना स्वतः फोन केला. पेट्या कमी आहेत, एक कढई आम्हीच अडवली, असं सरळ सांगून टाकलं.

"कुणी अडवली?" त्यांनी विचारलं.

"गुंडाळणाऱ्या बाईनं."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दिवस गाडी आली की बायका आधी तिच्या मागच्या बाजूला परत आलेल्या पेट्या शोधायच्या. गाडी रिकामी यायची. एके सकाळी आम्ही गोल उभे असतानाच फोन वाजला आणि उबाल्दीनानं तो पुन्हा कानापासून लांब धरला.

"या खेपेला पूर्ण पाठवा," अनातोलिओ म्हणाले. "आणि त्या बाईला विचारून पाठवा."